मदत हवी आहे: गान्सबाईला पांढरा शार्क दिसेल का? उद्यापर्यंत पैसे भरायचे आहेत

अनघा_चिंचवड
आम्ही चौघे दक्षिण आफ्रिकेला जाणार आहोत आणि केपटाउनपासून दोन-अडीच तासांवर असलेल्या गान्सबाईला पिंजऱ्यात उतरून पांढरा शार्क पाहायचे ठरले आहे. अर्धे पैसे भरून झाले आहेत, उरलेले उद्या संध्याकाळपर्यंत भरायचे आहेत, आणि आजच एका परिचितांनी सांगितले की तिथे आता पांढरे शार्क राहिलेलेच नाहीत. सहल कंपनीला फोन केला, तर "शार्क नक्की दिसतात" यापलीकडे उत्तर मिळत नाही. माझा मुलगा लहानपणापासून या एका प्राण्याविषयी हाती लागेल ते वाचत आला आहे आणि ही सहल त्याच्यासाठीच आखली आहे. पैसे भरावेत की नाही, एवढेच कृपया लवकर सांगा.

दर्यासारंग
ताई, आपण कोणत्या महिन्यात जात आहात, मुलाचे वय काय आहे आणि भरलेले पैसे परत मिळण्याची सोय आहे का, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कंपनीने "शार्क" असे लिहून दिले आहे की "पांढरा शार्क"? गान्सबाईच्या बोटींना अलीकडे बहुधा ब्राँझ व्हेलर जातीचे शार्क दिसतात. त्यामुळे "शार्क नक्की दिसतात" हे वाक्य खरे ठरू शकते आणि तरीही आपल्या मुलाची निराशा होऊ शकते.

मीरा_केपटाउन
मी इथे बरीच वर्षे राहते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. गान्सबाईजवळचे डायर बेट आणि त्याला लागून असलेला सीलांनी भरलेला गायझर खडक यांच्यामधली चिंचोळी खाडी एकेकाळी पांढऱ्या शार्कसाठी जगभर प्रसिद्ध होती. 2017 मध्ये त्या किनाऱ्यावर मोठमोठ्या पांढऱ्या शार्कांचे मृतदेह एकामागून एक वाहत आले. बहुतेकांचे पोट दोन्ही छातीपरांच्या मधोमध फाडलेले होते आणि आतले यकृत नेमके काढून नेलेले होते, बाकीचे शरीर मात्र जवळजवळ जसेच्या तसे होते. हे काम ऑर्कांचे, म्हणजे काळ्या-पांढऱ्या किलर व्हेलचे होते. शार्कचे यकृत तेलाने भरलेले असते आणि त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत भरते, त्यामुळे ऑर्का तेवढेच खातात आणि उरलेले टाकून देतात. पोर्ट आणि स्टारबोर्ड या नावांनी ओळखले जाणारे दोन नर ऑर्का यात पुढे आहेत. एकाचा पाठीवरचा पर डावीकडे झुकलेला आहे आणि दुसऱ्याचा उजवीकडे, त्यावरून ती नावे पडली (जहाजावर डाव्या बाजूला पोर्ट आणि उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात). शार्कच्या अभ्यासक ॲलिसन टाउनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टॅग (ठावठिकाणा कळवणारे यंत्र) लावलेल्या 14 शार्कांच्या हालचाली तपासल्या आहेत. ऑर्का आल्या की हे शार्क परिसर सोडून जात आणि कित्येक आठवडे, पुढे पुढे तर महिनोन्‌महिने, परतत नसत. त्यामुळे आपल्या परिचितांच्या बोलण्यात तथ्य आहे.

किनारपट्टी
सगळा दोष दोन ऑर्कांवर टाकून मोकळे होणे मला मुळीच पटत नाही. शार्कसंवर्धनासाठी काम करणाऱ्या एका गटात मी स्वतः काही काळ होतो, म्हणून ठामपणे लिहितो. क्वाझुलू-नाताल प्रांतात पोहणाऱ्यांच्या संरक्षणासाठी 1952 पासून डरबनच्या किनाऱ्यावर जाळी लावलेली आहेत, आणि पुढे त्यांच्या जोडीला आमिष लावलेले गळही आले. ही जाळी म्हणजे किनाऱ्याला घातलेले कुंपण नव्हे. ती शार्क पकडून मारण्यासाठीच असतात, आणि त्यांत डॉल्फिन व कासवेही सापडतात. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे पांढरे शार्क हा सगळा एकच समूह आहे आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतात, म्हणून डरबनला जाळ्यात मेलेला शार्क हा गान्सबाईला कमी झालेला शार्क असतो. याला समुद्रतळाशी गळांच्या लांब दोऱ्या सोडणाऱ्या बोटींची जोड द्या. पांढऱ्या शार्कची पिल्ले ज्या लहान जातींच्या शार्कांवर वाढतात, त्या या बोटी पकडतात आणि ते मांस ऑस्ट्रेलियात तळलेल्या माशांच्या दुकानांपर्यंत जाते. मादीला प्रजननक्षम व्हायला तीसेक वर्षे लागतात. अशा प्राण्याची संख्या एकदा घसरली की ती सावरायला पिढ्या जातात. स्टेलनबॉश विद्यापीठाच्या सारा आंद्रेओत्ती यांनी 2016 मध्ये जनुकीय अभ्यासावरून आणि छायाचित्रांवरून अंदाज दिला होता, तो साऱ्या किनाऱ्यावर मिळून 353 ते 522 शार्क एवढाच होता.

मीरा_केपटाउन
जाळ्यांविषयी आपण लिहिले ते योग्यच आहे आणि ती काढावीत असे मलाही मनापासून वाटते. परंतु जाळी 1952 पासून आहेत, तर गान्सबाई रिकामी झाली ती 2017 नंतर, ऑर्का आल्या त्याच दिवसांत. केपटाउनजवळच्या फॉल्स बे या उपसागरातही 2015 पासून हेच दोन ऑर्का दिसू लागले, सेव्हनगिल जातीचे शार्क यकृत काढलेल्या अवस्थेत सापडले आणि 2018 नंतर पांढरे शार्क जवळजवळ दिसेनासे झाले. हा योगायोग मानायचा का?

किनारपट्टी
योगायोग म्हणत नाही. आधीच दुबळी झालेली संख्या एका धक्क्याने का कोसळते, तेवढेच सांगतो आहे. शिवाय 2023 मध्ये काही संशोधकांनी मांडले की एकूण संख्या घटलेली नाही, शार्क फक्त पूर्वेकडे सरकले आहेत. त्या निष्कर्षाला इतर संशोधकांनी पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात हरकत घेतली. "सरकले आहेत" असे म्हटले की जाळी आणि मासेमारी यांवर कुणी बोट ठेवत नाही, याची मला चिंता वाटते.

तांडेल_देवगड
चर्चा वाचतो आहे. मासेमारी करणाऱ्यांना सरसकट दोषी धरले की आमच्यासारख्यांना वाईट वाटते. आपल्याकडे 2001 मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि जाळ्यात असा जीव अडकला तर तो सोडवण्यासाठी जाळेच कापावे लागते. कापलेले जाळे पुन्हा विणून, शिसे-बोये लावून समुद्रात जाईपर्यंत घरात आवक नसते. महाराष्ट्रात 2018 च्या अखेरीस 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू झाली आणि फोटो-व्हिडिओचा पुरावा दिला की पैसे मिळतात. तेव्हापासून व्हेल शार्क सोडल्याच्या बातम्या आमच्या किनाऱ्यावरून सतत येतात. प्राण्याला वाचवणाऱ्या माणसाचे पोट सांभाळले तर कोळी तो प्राणी आनंदाने सोडतो. दक्षिण आफ्रिकेत तळाच्या गळांच्या बोटींवर बंदी मागणाऱ्यांनी त्या खलाशांच्या चुलीचे काय करायचे, हेही सांगावे.

किनारपट्टी
तांडेल, आपला मुद्दा मला मान्य आहे आणि भरपाईची योजना आदर्श आहे. मात्र तिथल्या त्या बोटी मोजक्याच आहेत आणि परवाने कमी करून खलाशांना दुसऱ्या मासेमारीत सामावून घेणे अवघड नाही, असे माझे मत आहे.

सुहास_काका
आपण मुलांना घेऊन जात आहात, म्हणून एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. केपटाउनच्या म्युझेनबर्ग किनाऱ्यावर पोहायला उतरण्यापूर्वी झेंडा अवश्य पाहा. 2004 पासून तिथे डोंगरावर बसून दुर्बिणीतून पाणी न्याहाळणारे निरीक्षक असतात. हिरवा झेंडा म्हणजे पाणी स्वच्छ दिसते आहे आणि शार्क दिसलेला नाही, काळा म्हणजे पाण्यातले नीट दिसत नाही, लाल म्हणजे सावध राहावे, आणि पांढऱ्यावर काळा शार्क असलेला झेंडा भोंग्यासह लागला तर तत्काळ पाण्याबाहेर यावे. शार्कला न मारता माणसाला वाचवणारी याहून चांगली व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही.

अनघा_चिंचवड
सर्वांची मी आभारी आहे, परंतु आम्ही पोहायला जात नाही आणि माझा प्रश्न उद्याच्या पैशांचा आहे. जुलैच्या शेवटी जाणार आहोत. मुलगा तेरा वर्षांचा आहे. पैसे परत मिळणार नाहीत, पण तारीख किंवा ठिकाण बदलता येते, असे कंपनीने आत्ता सांगितले. लेखी विचारले तेव्हा उत्तर आले की "शार्कच्या विविध जाती दिसतात." पांढऱ्या शार्कचे नाव त्यात नाही.

दर्यासारंग
मग उत्तर त्यातच आले. ठिकाण बदलता येत असेल तर केपटाउनहून साधारण 400 किलोमीटरवर असलेले मॉसेल बे विचारात घ्यावे. तिथे सील बेट आहे आणि हिवाळा, म्हणजे जून ते ऑगस्ट, हाच तिथला शार्कचा हंगाम मानला जातो. मात्र खात्री तिथेही नाही. मे 2022 मध्ये तिथेच ऑर्कांनी पांढरा शार्क मारल्याचे ड्रोनने टिपले आणि त्यानंतर कित्येक आठवडे शार्क जवळपास दिसले नाहीत. जून 2023 मध्ये तर स्टारबोर्डने एकट्याने एक लहान शार्क दोन मिनिटांच्या आत मारला.

मीरा_केपटाउन
जुलैमध्ये येत असाल तर हर्मानस या किनाऱ्यावरच्या गावाला एक सकाळ राखून ठेवा. त्या दिवसांत सदर्न राइट जातीचे व्हेल किनाऱ्याच्या इतके जवळ येतात की बोटीची गरजच भासत नाही. गान्सबाई तिथून जवळ आहे, त्यामुळे रस्त्यातच होते.

अनघा_चिंचवड
मॉसेल बेसाठी कंपनीशी बोलते आहे. मुलाने हा धागा वाचला आणि त्याने विचारायला सांगितले आहे की गान्सबाईचे शार्क पुन्हा परत येऊ शकतात का.

किनारपट्टी
त्याला निकोलची गोष्ट सांगा. गान्सबाईजवळ नोव्हेंबर 2003 मध्ये टॅग लावलेली ही मादी 99 दिवसांत सुमारे 11,000 किलोमीटर पोहत ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याला पोहोचली, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा गान्सबाईलाच दिसली. टॅग तोवर सुटून गेला होता. ती ओळखली गेली ती पाठीवरच्या पराच्या कडेला असलेल्या खाचांच्या छायाचित्रांवरून, कारण त्या खाचा प्रत्येक शार्कच्या वेगळ्या असतात. वाट त्यांना ठाऊक असते, हे त्यातून कळते. ऑर्कांचा वावर कमी झाला आणि वाटेतली जाळी निघाली तर ते परततील, असे मला मनापासून वाटते. आपण कोणत्याही बोटीवर गेलात आणि पांढरा शार्क दिसलाच, तर त्या पराचे दोन्ही बाजूंनी स्पष्ट छायाचित्र घेऊन बोटीवरच्या जीवशास्त्रज्ञांना जरूर द्यावे. तिथल्या नोंदी अशाच छायाचित्रांवर चालतात.

दर्यासारंग
आणि ताई, पैसे भरण्यापूर्वी बोटवाल्यांकडे मागच्या जुलैतली रोजची नोंद मागा. बऱ्याच बोटी कोणत्या दिवशी कोणत्या जातीचे किती शार्क दिसले ते लिहून ठेवतात. नोंद दाखवायला जो तयार नसेल, त्याला उद्या पैसे देऊ नयेत.