दोन एअरलाइन, दोन तिकिटं: मधात किती वेळ ठेवायचा?

बी-४०२: नमस्कार मंडळी. आई-बाबा लंडनला जाऊन राहिले. नागपूरचं विमान १४ तारखेला रात्री १०.१० ला मुंबईत उतरतं, लंडनचं दुसऱ्या एअरलाइनचं आहे, रात्री १ वाजता. मधात २ तास ५० मिनिटं. वेगळी तिकिटं काढली तर बरेच पैसे वाचतात. पुरेल का?

ए-३०१: आधी तारीख बघा जी. रात्री १ चं विमान १५ तारखेचं असतं. लोक लंडनचं १५ चं घेतात अन् नागपूरचंही १५ च्या संध्याकाळचं. तोवर लंडनचं उडून गेलेलं असतं.

बी-४०२: हो, ते बरोबर आहे. लंडनचं १५ चंच आहे.

ए-३०१: मग आता घड्याळ लावा. १०.१० ला चाक टेकलं तरी दार उघडून बाहेर यायला १०.३०. पट्ट्यावर बॅगा १०.५५. तिथून बाहेर, लिफ्टने लेव्हल ४ ला, गेटवर पासपोर्ट-तिकीट दाखवून पुन्हा आत, ११.१५. काउंटरच्या रांगेत अर्धा तास धरा, ११.४५. चेक-इन बहुतेक ठिकाणी ६० मिनिटं आधी बंद होतं, काहींचं ७५. म्हणजे हातात उरली १५ मिनिटं, नाहीतर शून्य. आणि हे सगळं विमान वेळेवर आलं तर.

सी-१०३: यात टर्मिनल धरलंच नाही. डोमेस्टिक टी-१ ला उतरलं तर सामान घेऊन रस्त्याने टी-२ गाठायचं, ट्रॅफिक पाहून आणखी अर्धा-पाऊण तास. सरळ बोंबललं. एकाच एअरलाइनची काही विमानं टी-१ ला तर काही टी-२ ला असतात, म्हणून नाव पाहून ठरवू नका. तिकिटावर लिहिलेलं टर्मिनल वाचा, अन् दोन दिवस आधी पुन्हा वाचा, बदलतं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईही सुरू आहे. बीओएम (मुंबई) आणि एनएमआय (नवी मुंबई) हे दोन वेगळे कोड, दोन वेगळे विमानतळ. सर्चमध्ये "मुंबई" टाकलं की दोन्ही येतात.

ए-१०२: पण एजंटने दोन्ही एकाच बुकिंगमध्ये दिलं तर?

सी-१०३: बुकिंग आयडी एक असला म्हणून तिकीट एक होत नाही. ई-तिकीटचा १३ अंकी नंबर बघा. पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या एअरलाइनचे असतात: एअर इंडिया ०९८, एमिरेट्स १७६, कतार १५७. नागपूर-मुंबई आणि मुंबई-लंडन दोन्ही एकाच नंबरखाली असतील तर ते एक तिकीट, मग विमानं दोन कंपन्यांची का असेनात. पहिलं लेट झालं तर पुढची सोय त्यांनाच करावी लागते. नंबर वेगळे असले की लंडनवाल्याच्या लेखी तुम्ही नागपूरहून आलेच नाही, नागपुरातल्या अजनीवरून रिक्षाने आल्यासारखेच. न पोहोचल्यास नो-शो.

ए-३०१: आणि नो-शो झाला की परतीचा सेक्टरही बहुतेक वेळा रद्द होतो. म्हणून चुकणार असं दिसलं की ते विमान सुटायच्या आत पुढच्या एअरलाइनला फोन करून तारीख बदलून घ्या. दंड लागेल, पण तिकीट जिवंत राहतं. डीजीसीएचा (विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम त्या-त्या तिकिटापुरता चालतो. ६ तासांवर उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड, पण फक्त नागपूर-मुंबईचा. लंडनचे पैसे नागपूरवाला कशाला देईल?

डी-२०१: वजनाचं कोणीच बोललं नाही. डोमेस्टिकला साधारण १५ किलो. लंडनच्या तिकिटावर माणशी २३-२३ च्या दोन बॅगा असल्या तर नागपूरच्या काउंटरवर माणशी ३१ किलो एक्स्ट्रा. भाव किलोवर. वाचलेले पैसे तिथेच जातात. इंटरनॅशनल कनेक्शन दाखवून जादा वजन आधीच स्वस्तात घेता येतं का, ते एअरलाइनच्या साइटवर बघा. एका तिकिटावर असलं तर बहुधा इंटरनॅशनलचंच वजन नागपूरहून लागू होतं.

बी-४०२: बापरे, हे लक्षातच नव्हतं.

डी-२०१: आणि काउंटरवर बॅगेला टॅग लागला की शेवटचा तीन अक्षरी कोड वाचून घ्यायला सांगा काकांना. एलएचआर असेल तर बॅग थेट हीथ्रोला. बीओएम असेल तर मुंबईला पट्ट्यावरून उचलायची. टॅगचा बारकोडवाला छोटा तुकडा जपून ठेवायचा, बॅग हरवली तर तोच पुरावा.

बी-३०४: आम्हाला शारजावरून स्वस्त दिसून राहिलं. शारजापर्यंत एक तिकीट, पुढे दुबईहून दुसरं.

सी-१०३: नका करू भाऊ. दोन वेगळे विमानतळ, मधात रस्ता. म्हणजे यूएईत प्रवेश आला, व्हिसाचा प्रश्न आला. एकाच विमानतळावर बदललं तरी वेगळ्या तिकिटावर चेक-इन बॅग असेल तर हीच गत, कारण सामानाचा पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. शिवाय पहिल्या एअरलाइनला तुमचा प्रवास शारजालाच संपताना दिसतो, म्हणून ते निघतानाच व्हिसा मागतात. फक्त हातातली बॅग असेल तर ट्रान्सफर डेस्कवरून पुढचा बोर्डिंग पास मिळू शकतो, पण स्वस्त एअरलाइनचा तिथे डेस्क असेलच असं नाही.

ए-१०२: मग किती वेळ ठेवायचा, एकदाचं सांगा बाप्पा.

ए-३०१: मुंबईत वेगळ्या तिकिटावर ५ तासांच्या खाली नको. जून ते सप्टेंबर पावसात ७, आणि दिल्लीवरून जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात आदल्या दिवशीच. आई-बाबा वयस्कर आहेत, व्हीलचेअर लागत असेल तर तीही दोन्ही एअरलाइनला वेगवेगळी सांगावी लागते. माझ्या मते त्यांच्यासाठी एकच तिकीट घ्या, दोन-चार हजार जास्त गेले तरी.

सी-१०३: येताना उलट. मुंबईत इमिग्रेशन, बॅग, कस्टम्स सगळं होतं, मग नागपूरचं चेक-इन. बॅग थेट नागपूरपर्यंत टॅग केलेली असली तरी साधारण मुंबईतच उचलून कस्टम्समधून काढावी लागते. ड्यूटी फ्रीची बाटली तेव्हाच चेक-इन बॅगेत टाका, डोमेस्टिकच्या सिक्युरिटीत हातात नको.

बी-४०२: एकाच तिकिटाचा भाव काढतो आजच. आईचं लोणचं आणि सुकं खोबरं?

डी-२०१: लोणचं चेक-इन बॅगेत, दुहेरी पिशवीत. खोबरं कुठल्याच बॅगेत नको, तेलामुळे पेट घेणाऱ्या मालात मोडतं. पॉवर बँक मात्र हातातच.