वरचं चित्र बदललं म्हणून शंभरपट? रेशो व्हेरियंट, दुकानदाराची वही आणि आपला कूलर

लाँगबॉक्स

बर्डीवाला यांनी काल लिहिलं: "कथा तीच, कागद तोच, पिनासुद्धा त्याच. फक्त वरचं चित्र वेगळं, तर चार डॉलरचा अंक चारशेला. घेणारा मूर्ख, विकणारा चोर. विषय संपला."

नाही संपला. चोर कोण ते ठरवण्याआधी दुकानदाराची वही उघडा. अमेरिकेतलं कॉमिक्सचं दुकान माल परत न करण्याच्या बोलीवर उचलतं. सत्तरच्या दशकात फिल सूलिंगने ही पद्धत रुजवली. सूट जास्त, पण उरलं ते तुमच्या गळ्यात. आता असल्या वेगळ्या मुखपृष्ठावर, म्हणजे रेशो व्हेरियंटवर, १:१०० लिहितात ते काय? नेहमीच्या मुखपृष्ठाच्या १०० प्रती मागवल्या तर त्या वेगळ्या मुखपृष्ठाची एक मागवायचा हक्क.

धरा, त्या दुकानात हा अंक घेणारी गिऱ्हाईकं ३०. छापील किंमत ३.९९, दुकानाला साधारण निम्म्यात, म्हणजे २ डॉलरला. ३० प्रती मागवल्या तर ६० घातले, १२० आले, ६० सुटले. तोच माणूस व्हेरियंटसाठी १०० मागवतो. २०० घातले, गिऱ्हाईक ३० च, आले १२०. ८० चा खड्डा, आणि एरवी सुटले असते ते ६० सुद्धा गेले. ती एक प्रत १४० ला विकली तर गडी होता तिथेच आला. उरलेल्या ७० प्रती डॉलरला एक अशा खोक्यात पडतील, त्यातून पुढेमागे थोडं सुटेल. चोरी दिसली का यात कुठे?

दुसरं. १:१०० म्हणजे छापलेल्याच्या एक टक्का, हे डोक्यातून काढा. ३०,००० ची मागणी आली म्हणून ३०० व्हेरियंट निघत नाहीत. ती मागणी शेकडो दुकानांची. कोणी ८ मागवतं, कोणी २०, कोणी ६०. त्यांना शून्य मिळते. १९० मागवणाऱ्यालाही एकच. उलट प्रकाशक वाटेत खराब होणाऱ्या प्रतींसाठी चार जास्त छापतो, तो आकडा बाहेर येत नाही. २०११ च्या ॲमेझिंग स्पायडर-मॅन ६६७ चं देल'ओत्तोने काढलेलं १:१०० मुखपृष्ठ आज एवढं महाग आहे, कारण नियमित मालिकेच्या त्या अंकाच्या शंभर-शंभर प्रती उचलायची तेव्हा फारशा कोणाला गरज वाटली नव्हती.

बर्डीवाला

वही बघितली. थोडक्यात, दुकानदाराने गरज नसताना ७० प्रती उचलल्या आणि भुर्दंड मी भरायचा. नागपुरात गोकुळपेठेच्या बाजारात एखाद्याने एका हापूसच्या पेटीपायी शंभर किलो वांगी उचलली आणि ती सडली, तर तुम्ही त्याला आंब्याचे दहापट द्याल का? हिशोब चोख आहे साहेब, पण तो दुकानदाराच्या चुकीचा हिशोब आहे.

आणि "दुर्मीळ" म्हणता? १९९१ च्या एक्स-मेन १ ची पाच मुखपृष्ठं होती. ८० लाखांवर प्रती. लोकांनी पाचही घेतली, पोरांच्या शिक्षणाला होतील म्हणून पेट्यांत ठेवली. आज त्या प्रतींना चहा-पोह्याचे पैसे येतात.

लाँगबॉक्स

एक्स-मेनचा दाखला माझ्या बाजूचा आहे, तुम्ही उचललात! त्या पाचांपैकी हवं ते, हवं तेवढं मागवता येत होतं. त्याला ओपन ऑर्डर म्हणतात. अट नाही म्हणून टंचाई नाही. सगळ्यांनीच जपून ठेवलं म्हणून आजही कोऱ्या प्रतींचा ढीग आहे. १९९६ च्या शेवटी मार्व्हल दिवाळखोरीत गेली, त्याला ही हावही कारण होती.

"व्हेरियंट" या एका शब्दाखाली चार वेगळे प्राणी आहेत. ओपन ऑर्डर, ज्याला सहसा पुढे भाव नसतो. रेशो. दुकानाने स्वतःसाठी छापून घेतलेलं एक्सक्लुझिव्ह, जे बहुतेक वेळा काही हजारांत असतं, म्हणजे १:१०० पेक्षा कितीतरी जास्त, तरी "लिमिटेड"चा शिक्का मारून विकतात. तिथे चोर म्हणा, मी अडवणार नाही. आणि चौथा, परत मागवलेला अंक. २००८ चा ऑल-स्टार बॅटमॅन अँड रॉबिन १० घ्या. शिव्यांवर काळी पट्टी छापली, पण खालची अक्षरं वाचता येत होती. डीसीने अंक परत मागवला, सुटल्या त्या थोड्या प्रती. ही टंचाई कोणी ठरवून केलेली नव्हती.

कवटीची_अंगठी

ठरवून केलेल्या टंचाईला भाव आणि खऱ्या टंचाईला रद्दी, हेच मला सहन होत नाही. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९०. मराठीतले अंक घरोघरी वाचले, भाड्याच्या लायब्ररीत फिरले, शेवटी किलोवर गेले. एकही प्रत कोणी "गुंतवणूक" म्हणून ठेवली नाही. त्यातून जी धड वाचली ती दुर्मीळ. आणि तिला भाव किती? तुमच्या १४० डॉलरच्या पासंगालाही नाही.

त्यातही निम्म्या प्रतींची वाट बाइंडरने लावलेली. दहा-बारा अंक एकत्र शिवायचे, तीन बाजूंनी कटिंग मारायचं, झालं. इतवारीतून किंवा कुठूनही जुना अंक घेताना त्याच वर्षाच्या दुसऱ्या अंकावर ठेवून उंची-रुंदी जुळवा. दोन-चार मिलिमीटर कमी भरली आणि कडा नको तितकी सरळ दिसली की कापलेला समजा. कण्यालगत, पिनांपासून वेगळी बारीक भोकं दिसली तर शिवलेला. मुखपृष्ठ आतल्या पानांपेक्षा पांढरंशुभ्र असेल तर रंगीत झेरॉक्स. भिंगाखाली छपाईचे ठिपके ओळीत दिसायला हवेत, विस्कटलेले दिसले तर सोडून द्या.

नऊ_पॉइंट_आठ

काका, माहिती सोन्यासारखी, पण भाव टंचाईवर ठरत नाही. टंचाई गुणिले मागणी करा. तुमच्या इंद्रजालसाठी भांडणारे किती? २०११ च्या अल्टिमेट फॉलआउट ४ मध्ये माइल्स मोरालेस, नवा स्पायडर-मॅन, पहिल्यांदा आला. त्याचं जुर्जेविचने काढलेलं मुखपृष्ठ १:२५ चं, म्हणजे ६६७ च्या मानाने कितीतरी सोपं. तरी त्याच्यामागे लोक वेडे, कारण त्यावर माइल्स स्वतः आहे आणि नंतर तो पडद्यावर गेला. २०१४ च्या एज ऑफ स्पायडर-व्हर्स २ चं ग्रेग लँडचं १:२५ मुखपृष्ठ, त्यात पहिल्यांदा आलेल्या स्पायडर-ग्वेनमुळे, तसंच. रेशो ही फक्त अर्धी गोष्ट.

उरलेली अर्धी ग्रेडची. सीजीसी, म्हणजे अंकाच्या अवस्थेला दहापैकी गुण देणारी अमेरिकन कंपनी, तिच्याकडून ९.८ आलेली प्रत आणि ९.६ ची प्रत, फरक डोळ्यांना जेमतेम दिसेल, किमतीत मात्र बऱ्याचदा मोठी दरी. कारण नवा अंक छापखान्यातून कोराच येतो, त्यामुळे ९.८ हाच पाया धरतात आणि खालचं सगळं "खराब". गडद मुखपृष्ठ असेल तर कण्यावर पिनेजवळ केसाएवढी आडवी पांढरी रेघ दिसते, रंग तुटलेला. तशा दोन-तीन असल्या की ९.८ विसरा. बर्डीवाला यांना एकच मान्य करते: सीजीसीच्या यादीत ४० प्रती दिसल्या म्हणजे जगात ४० च, असं सांगणारा विक्रेता फसवतोय. ती यादी ग्रेडिंगला पाठवलेल्यांची आहे, छापलेल्यांची नाही.

बर्डीवाला

"एकच मान्य करते." उपकार झाले ताई.

खसताटी

राजेहो, तुम्ही ९.८ चं काय घेऊन बसले? नागपुरात एक मे महिना काढू द्या त्या अंकाले, मग सांगा कितीचा राहिला. दुपारी बाहेर ४५, हवा कोरडी ठाक, कागद पापडासारखा. चार वाजता कूलर लावला, खोलीत दमट. रात्री बंद, पुन्हा कोरडं. रोज कागद फुगून राहिला, रोज सुकून राहिला. मुखपृष्ठाचा चकचकीत कागद अन् आतला साधा कागद सारखे फुगत नाहीत, म्हणून अंकाले लाट येते. प्लास्टिकच्या पिशवीत हाय म्हणून वाचला समजू नका. साध्या पिशवीचं तोंड नुसतं दुमडलेलं राहते, ओल आत जातेच.

लाँगबॉक्स

विषय किमतीचा चालू आहे.

खसताटी

किमतीचाच सांगून राहिलो न बे. लाट आली की दोनशेचे वीस. याच्यापेक्षा कोणती किंमत पाहिजे?

खोकं कूलरच्या झोतात नाही, अन् कूलरच्या भिंतीलाही नाही. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली नाही, पश्चिमेच्या भिंतीच्या लोखंडी कपाटात तर अजिबात नाही, ते मे महिन्यात तंदूर होते. आतली भिंत, पलंगापेक्षा उंच, जमिनीपासून वीतभर वर. पावसाळ्यात फरशी घाम सोडते.

कवटीची_अंगठी

डांबराच्या गोळ्या टाका चार. कसर लागत नाही, वाळवी फिरकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

नऊ_पॉइंट_आठ

कृपा करून हे कोणी करू नका! नॅफ्थलीनची वाफ प्लास्टिकवर बसते, कागदात मुरते, वास वर्षानुवर्षं जात नाही. तसा अंक कितीही कोरा असला तरी खोकं उघडल्या उघडल्या गिऱ्हाईक मागे सरतं. कापूर ठेवणाऱ्यांनाही तेच सांगणं. कसरीवर उपाय म्हणजे खोकं बंद, खोली स्वच्छ, आणि दोन महिन्यांनी एकदा उघडून बघणं.

कवटीची_अंगठी

१९७० चे अंक डांबराच्या गोळीवर टिकले, तुमचे २०११ चे मायलरच्या महागड्या पिशवीत "लाट आली" म्हणून रडतायत. कोणाचं शास्त्र खरं ते दिसतंच आहे.

नऊ_पॉइंट_आठ

टिकले ते दिसतात काका. गेले ते रद्दीत गेले, ते साक्षीला येत नाहीत.

लाँगबॉक्स

आता धागा कूलरवर गेलाच आहे, तर निदान नीट सांगू, कारण अर्धवट सल्ला नॅफ्थलीनइतकाच घातक.

पिशवी तीन प्रकारची. पॉलिएथिलिन आणि पॉलिप्रॉपिलिन स्वस्त, पण पाच-सात वर्षांनी पिवळसर किंवा सैल पडायला लागतात, तेव्हा बदला. मायलर महाग, तिची ती कटकट नाही. मागे ॲसिड-फ्री बोर्ड. साधा पुठ्ठा नको, त्यातलं आम्ल कागदात उतरतं. आजच्या अंकाची रुंदी ६ ५/८ इंच, पिशवी ६ ७/८ ची. मोठी घेतली तर अंक आत हलतो आणि कोपरे चेपतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं चिकटपट्टीने. अंक बाहेर काढताना झाकणाची पट्टी मुखपृष्ठाला लागली आणि ओढली की रंगासकट सोलून येतं. म्हणून पट्टी पुढच्या बाजूला कधीच नाही, मागे बोर्डाच्या बाजूला. काढताना झाकण मागे दुमडून अंगठ्याने धरायचं, मग बोर्डासकट अंक सरकवायचा. अंक खोक्यात उभे. बोट सहज शिरेल इतकी जागा ठेवा, पण वाकतील इतकी सैल नको.

खसताटी

सिलिका राहिलं. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा असन तर १५० अंकांमागे ५० ग्रामच्या दोन-तीन पुड्या. भोकंवाल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकून काही फायदा नाही, ते अख्ख्या नागपूरची हवा सुकवायला बसते. निळे दाणे गुलाबी झाले की भरले समजायचे. पुडीतून काढून स्टीलच्या ताटलीत, ओव्हनमध्ये १२० अंशावर दोनेक तास. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, निळ्या रंगात कोबाल्ट असते. नारिंगीवाले घेतले तर ती भानगड नाही. अन् थंड झाल्याशिवाय डब्यात टाकू नका.

मे महिन्यात मात्र पुड्या काढून ठेवा. हवा आधीच कोरडी, त्यात सिलिका टाकलं तर जुना कागद कडकडीत होऊन कोपऱ्यातून तुटते. कवटीवाल्या काकांच्या इंद्रजालले हे जास्त लागू.

कवटीची_अंगठी

हे पटलं. डांबराच्या गोळीवर माझं मत तेच आहे.

बर्डीवाला

एवढं सगळं स्लॅबवाल्यांना, म्हणजे सीजीसीच्या बंद प्लास्टिकच्या पेटीत अंक ठेवणाऱ्यांना, लागत नाही ना? म्हणून तर ते मिरवतात.

नऊ_पॉइंट_आठ

लागतं. स्लॅब म्हणजे तिजोरी नव्हे. तो हवाबंद नसतो, कूलरची ओल त्यातही जाते. वर पार्सल आपटलं तर अंक आतल्या कप्प्यात सरकून खालची कडा चेपते. लेबलवर ९.८, आत ९.४, आणि फोडून पुन्हा पाठवल्याशिवाय सिद्ध करता येत नाही. सीजीसीकडे फ्लोरिडाला जायचं-यायचं टपाल, विमा आणि ग्रेडिंगची फी धरली तर साधा १:१० किंवा १:२५ अंक पाठवणं हे वांग्याला चांदीचा वर्ख लावण्यासारखं.

बर्डीवाला

चला, वांगी परत आली. मग एवढंच सांगा. समजा घ्यायचाच आहे. कधी?

लाँगबॉक्स

बाहेर येण्याआधी कधीच नाही. आगाऊ भाव सगळ्यात चढा. बुधवारी अंक येतो, सगळ्या दुकानांना खड्डा भरायची घाई असते, म्हणून ज्यांना ज्यांना व्हेरियंट मिळाला ते एकाच आठवड्यात विकायला काढतात. तीन-चार आठवडे थांबा, बहुतेक १:२५ पडतात. बघायचं ते झालेल्या विक्रीचे आकडे. मागितलेली किंमत ही फक्त विक्रेत्याची इच्छा असते. वर्षात तीनच विक्री झाल्या असतील तर "बाजारभाव" म्हणून काही नाही, त्या तिघांचा मूड आहे. सिनेमाची घोषणा झाली की घेऊ नका, ते विकायचे दिवस.

आणि मीही एक कबूल करतो. २०१५ च्या स्टार वॉर्स १ ला साठाहून अधिक मुखपृष्ठं होती. तिथून पुढे प्रकाशकांनी ताळतंत्र सोडलं, आणि आता निघणाऱ्या व्हेरियंटपैकी फार थोड्यांना दहा वर्षांनी कोणी विचारेल.

बर्डीवाला

बरं. घेणारा मूर्ख हे मागे घेतो. १४० चा हिशोब वाचल्यावर आता वाटतं, मूर्ख दुकानदार आहे. चोर कोण ते प्रकाशकाला विचारा, त्याच्या १०० प्रती पहिल्याच दिवशी विकल्या गेल्या.

खसताटी

हे बरोबर बोलला. आता उठ अन् ते खोकं कूलरसमोरून हलव.