शिस्त ही वाटाघाटीची गोष्ट आहे का? सिॲटल पोलिसांचा करार

मीनल_सिॲटल

अमेरिकेतल्या सिॲटल शहरात डेक्स्टर आणि थॉमस हे दोन रस्ते जिथे मिळतात, तिथून मी ऑफिसला जाता-येता चालत जाते. २३ जानेवारी २०२३ ला याच क्रॉसिंगवर जान्हवी कंडुला ही आंध्रहून शिकायला आलेली २३ वर्षांची मुलगी पोलिसांच्या गाडीच्या धडकेत गेली. वेगमर्यादा ताशी २५ मैल होती आणि गाडी ७४ पर्यंत पोचली होती. दुसऱ्या दिवशी पोलीस युनियनचा उपाध्यक्ष युनियनच्या अध्यक्षाशी फोनवर बोलत होता. अंगावरचा कॅमेरा चालूच राहिला होता. त्यात तो हसतो आणि म्हणतो की अकरा हजार डॉलरचा चेक लिहून टाका, तिची किंमत तशी मर्यादितच होती. आपण सरकारी वकिलांची नक्कल करत होतो, असं त्यानं नंतर सांगितलं. त्याची नोकरी जुलै २०२४ मध्ये गेली. गाडी चालवणाऱ्याची जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी.

इतका वेळ का लागतो, हे शोधताना मी युनियन आणि शहर यांच्यातला करार वाचायला घेतला. पगार, ओव्हरटाइम, रजा हे त्यात असणारच. पण तक्रारीची चौकशी किती दिवसांत (१८०) संपली पाहिजे, शिक्षेवर अपील कुणाकडे जाणार, चौकशी खात्यात नागरी तपासनीस किती असावेत, हेसुद्धा तिथेच ठरतं. २०१७ मध्ये शहरानं पोलिसांच्या उत्तरदायित्वाचा चांगला कायदा केला होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये नवा करार आला आणि त्या कायद्यातल्या बऱ्याच गोष्टी मागे पडल्या. नगर परिषदेत करार ८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. ते एक मत क्षमा सावंत यांचं होतं. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या आणि आयुष्यभर कामगारांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या बाई. शहरातल्या कामगार संघटनांची मध्यवर्ती परिषद तेव्हा कराराच्या बाजूनं होती. त्याच परिषदेनं जून २०२० मध्ये पोलीस युनियनला बाहेर काढलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: पगारावर हवी तेवढी घासाघीस करा, पण शिस्त त्या टेबलावर ठेवू नका. लोकांनी निवडून दिलेल्या सभेनं केलेला कायदा बंद खोलीतल्या करारानं बोथट होता कामा नये.

हवालदाराचा_मुलगा

मीनलताई, त्या मुलीबद्दल जे लिहिलंत त्यावर मला काही म्हणायचं नाही. ते वाईटच आहे. पण तुमच्या निष्कर्षाशी मी अजिबात सहमत नाही.

माझे वडील पोलीस शिपाई होते. जिल्हा सांगत नाही. एका साहेबांच्या घरची कामं करायला नाही म्हटलं, तर महिन्याभरात 'कर्तव्यात कसूर' म्हणून निलंबन. खातेनिहाय चौकशी साडेतीन वर्षं चालली. त्यातला बराच काळ घर निर्वाह भत्त्यावर. कारणे दाखवा नोटीस त्यांनी दुधाच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवली होती, पावसात घर गळायचं म्हणून. त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं, कारण आपल्याकडे पोलिसांना युनियन करता येत नाही. १९६६ चा कायदा आहे.

१९८२ साली मुंबईत संघटना होती. १५ ऑगस्टला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या, १८ तारखेला नेत्यांना उचललं, शहर पेटलं आणि लष्कर बोलवावं लागलं. त्यानंतर संघटनेचं नाव कुणी काढलं नाही. मग आपल्याकडे कोठडीतले मृत्यू थांबले का? अमेरिकेतही उत्तर कॅरोलिनात सरकारी नोकरांशी सामूहिक करार करायला १९५९ पासून बंदी आहे. तिथले पोलीस काय संत आहेत? युनियन काढली की शिस्त येते, हे कुठून आणलंत?

मीनल_सिॲटल

दादा, तुमच्या वडिलांबद्दल वाचून पोटात कालवलं. पण युनियन काढा असं मी म्हटलेलंच नाही, कृपा करून परत वाचा.

आणि कराराचा परिणाम मोजलेला आहे. फ्लोरिडात २००३ मध्ये न्यायालयाच्या निकालानं शेरीफच्या (काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या) हाताखालच्या शिपायांना सामूहिक कराराचा हक्क मिळाला. शहर पोलिसांना तो आधीपासून होता. संशोधकांनी दोघांची तुलना केली, तेव्हा शेरीफ कार्यालयांत हिंसक गैरवर्तनाच्या घटना सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. राज्य तेच, काळ तोच.

वकील_शिकागो

मी कामगार कायद्यात काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

शिक्षेवरचं अपील ऐकणाऱ्या लवादाला, म्हणजे बाहेरच्या तटस्थ पंचाला, लोक उगाच शिव्या देतात. पोलिसांच्या ६२४ लवाद निर्णयांचा एक अभ्यास आहे. निम्म्याहून थोड्या जास्त, ५२ टक्के प्रकरणांत शिक्षा कमी झाली किंवा रद्द झाली. आकडा भयंकर वाटतो. पण लवादासमोर पहिला प्रश्न असतो, 'याच चुकीला याआधी कुणाला काय दिलं?' प्रमुखानं मागच्या वर्षी मर्जीतल्याला पाच दिवसांचं निलंबन दिलं असेल आणि यंदा नावडत्याला बडतर्फ केलं असेल, तर लवाद ते फिरवणारच. हवालदाराचा_मुलगा यांच्या वडिलांना नेमकं हेच मिळायला हवं होतं. पोलीस प्रमुखांनी वर्षानुवर्षं ढिलाई केली, त्याचं खापर फक्त युनियनवर फोडू नका.

पण आमच्या शिकागोतल्या काही कलमांचं समर्थन माझ्यानं होणार नाही. २० ऑक्टोबर २०१४ ला १७ वर्षांच्या लक्वान मॅकडोनाल्डवर एका पोलिसानं १६ गोळ्या झाडल्या. मुलगा अंगावर आला, असं बाकीच्या पोलिसांनी लिहून दिलं. व्हिडिओ न्यायालयाच्या आदेशानं १३ महिन्यांनी बाहेर आला, त्यात तो दूर जाताना दिसतो. तेव्हाचा करार काय होता? गोळीबारानंतर जबाब द्यायला २४ तास. तक्रारदारानं शपथपत्र दिल्याशिवाय चौकशी नाही. पाच वर्षांनी तक्रारींचे कागद नष्ट. कागदच जाळले तर मी वर म्हटलेली 'याआधी काय दिलं' ही तुलना करायची कशावर? शहरानंच नेमलेल्या कृती दलानं २०१६ मध्ये लिहिलं की या करारांनी सहकाऱ्याविरुद्ध तोंड न उघडण्याच्या अलिखित नियमाला अधिकृत धोरण बनवलं. पुढे २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं कागद नष्ट करण्याचा आग्रह फेटाळला आणि २०२१ च्या कायद्यानं शपथपत्राची अट गेली. म्हणजे बदल होतो, पण कराराबाहेरून.

गौरी_मिनेसोटा

प्रशिक्षणाबद्दल कुणी बोलत नाहीये, म्हणून लिहिते.

२०२० मध्ये मिनीआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा ठेवून त्याचा जीव घेणारा डेरेक शॉविन हा नव्या पोलिसांना शिकवणारा पोलीस होता. त्या संध्याकाळी सोबत असलेल्यांपैकी दोघं पोलीस म्हणून पहिलेच दिवस भरत होते, एक तर त्याच्याच हाताखाली शिकलेला. दुसऱ्यानं दोनदा विचारलं, याला कुशीवर वळवूया का? शॉविन नाही म्हणाला आणि तो गप्प बसला. शॉविनविरुद्ध त्याआधी डझनाहून जास्त तक्रारी होत्या.

आता करार बघा. प्रोबेशनवरच्या नव्या पोलिसाला बहुतेक ठिकाणी लवादाकडे जाता येत नाही, त्याला सहज घरी पाठवता येतं. मुरलेल्याला मात्र पूर्ण कवच. अशा खात्यात नवा माणूस पहिल्या आठवड्यात काय शिकतो? वरच्याला टोकायचं नाही. अकादमीत 'सहकाऱ्याला थांबवा' असं कितीही शिकवा, ते चौकीत टिकत नाही. २०१९ मध्ये मिनीआपोलिसच्या महापौरांनी 'योद्धा' पद्धतीच्या, म्हणजे समोरच्या प्रत्येकात धोका बघायला शिकवणाऱ्या, प्रशिक्षणावर बंदी घातली, तर युनियननं ते आपल्या सभासदांना फुकट देऊ केलं. मला त्या दिवशी फार राग आला होता, अजूनही येतो.

हवालदाराचा_मुलगा

गौरीताई, नव्या माणसाला संरक्षण नाही हा मुद्दा पटला. पण त्याचा अर्थ संरक्षण खालपर्यंत न्या, असाच होतो ना?

मीनलताई, भरतीचं काय? सिॲटलच्या पोलिसांकडे २०१४ संपल्यापासून २०१८ पर्यंत करारच नव्हता, तुम्हीच शोधून बघा. चार वर्षं पगारवाढ अडकवून ठेवायची आणि मग माणसं मिळत नाहीत म्हणून रडायचं.

मीनल_सिॲटल

भरतीबद्दल तुमचं अर्धं खरं आहे. २०२४ च्या करारात मागच्या तीन वर्षांची वाढ दिली, सुरुवातीचा पगार वर्षाला एक लाख डॉलरच्या वर गेला. त्याला माझा विरोध नव्हता. पण जान्हवीला धडक देणाऱ्याला टुसॉनच्या पोलीस खात्यानं २०१३ मध्ये काढलं होतं आणि सिॲटलनं त्याला २०१९ मध्ये १५ हजार डॉलरचा बोनस देऊन घेतलं.

वकील_शिकागो

तो निर्णय शहराचा होता, युनियनचा नाही. हे स्पष्ट राहू दे.

मीनल_सिॲटल

मान्य. शहराचाच. मग असा माणूस एकदा आत आला, की त्याला बाहेर काढणं सोपं हवं की अवघड?

सिॲटलचंच दुसरं प्रकरण बघा. २०१४ मध्ये एका पोलिसानं हातकडी घालून गाडीत बसवलेल्या बाईला ठोसा मारला, तिच्या डोळ्याभोवतालचं हाड मोडलं. तिनं आधी लाथ मारली होती, हेही खरं. प्रमुखांनी त्याला बडतर्फ केलं. लवादानं २०१८ मध्ये १५ दिवसांच्या निलंबनावर परत घेतलं. शहर कोर्टात गेलं आणि अपील कोर्टानं २०२१ मध्ये बडतर्फी कायम राखली. एका ठोशाला सात वर्षं लागली. आणि कोर्टात जायला पैसे आणि जिद्द नसलेल्या लहान शहरांचं काय?

हवालदाराचा_मुलगा

सात वर्षं चूकच. पण चौकशीच्या ज्या १८० दिवसांच्या मुदतीबद्दल तुम्ही सुरुवातीला लिहिलंत, तशी मुदत आमच्या घरी कुणी दिली असती, तर माझ्या बहिणीची शाळा बदलावी लागली नसती. साडेतीन वर्षांनी बाबा निर्दोष ठरले. एक ओळीचा आदेश आला.

मीनल_सिॲटल

मुदत हवीच. माझा आक्षेप मुदत संपल्यावर शिक्षाच माफ होण्याला आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत ब्रेडमध्ये विष्ठा घालून बेघर माणसाला देणाऱ्या पोलिसाची बडतर्फी लवादानं रद्द केली, कारण घटना १८० दिवसांच्या आतली आहे हे सिद्ध झालं नाही. दुसऱ्या एका प्रकरणात त्याची नोकरी गेली, ती गोष्ट वेगळी. त्यापेक्षा १८१ व्या दिवसापासून पूर्ण पगार चालू करा, उशिराची भरपाई खात्याकडून वसूल करा, आणि चौकशी मात्र शेवटपर्यंत न्या. हे तुम्हाला चालेल?

हवालदाराचा_मुलगा

पूर्ण पगार आणि भरपाई लेखी असेल, तर चालेल. पण ते लेखी मागायला टेबलावर कुणीतरी बसायला हवं, आणि तो माणूस युनियनचाच असणार.