झ्लातोउस्त: तलवारींच्या कारखान्यात सोनेरी नक्षी कशी आली?

प्रश्न
रशियाच्या दक्षिण उरल डोंगराळ भागातील झ्लातोउस्त हे शहर आज पोलादावरील सोनेरी नक्षीकामासाठी ओळखले जाते. पण त्याच्या इतिहासात पाहावे तिकडे भट्ट्या आणि सैन्याच्या तलवारीच दिसतात. निव्वळ लष्करी माल काढणाऱ्या गावात इतके नाजूक काम कोणी आणि कोणासाठी सुरू केले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
आपल्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे, कारण ही नक्षी सैन्यासाठीच सुरू झाली. आय नदीकाठी 1754 साली लोखंडाच्या कारखान्याभोवती वसलेल्या या गावात, नेपोलियनशी झालेल्या युद्धांनंतर, 1815 साली धारदार शस्त्रांचा सरकारी कारखाना काढण्याचे ठरले. साध्या सैनिकाला साधे पाते चालत असे. अधिकाऱ्यांना आणि पराक्रमाचे बक्षीस म्हणून दिल्या जाणाऱ्या तलवारींना मात्र शोभा हवी होती. त्यासाठी जर्मनीतील झोलिंगेनहून कारागीर आणले गेले, त्यांत विल्हेल्म शाफ आणि त्याचा मुलगा लुडविग हे प्रमुख होते. त्यांच्या काळातच स्थानिक इवान बुशुयेव पुढे आला; पानाफुलांच्या ठरावीक वेलबुट्टीऐवजी त्याने पात्यांवर लढायांचे प्रसंग आणि पंख असलेले घोडे उतरवले. असा घोडा आज शहराच्या मानचिन्हावरही आहे.

प्रतिसाद २
कृतीबद्दल थोडी भर घालतो. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर लाखेसारख्या रंगाने, बारीक कुंचल्याने चित्र काढायचे आणि मग आम्लाने उघडा भाग खाऊ द्यायचा; रंगाखालचे चित्र तकतकीत राहते, पार्श्वभूमी मळकट होते. सोन्यासाठी पाऱ्यात मिसळलेले सोने लावून पाते तापवत, म्हणजे पारा उडून सोने चिकटत असे. ती वाफ विषारी, त्यामुळे या झळाळीची किंमत कारागिरांच्या फुप्फुसांनी मोजली, हे विसरून चालणार नाही.

प्रतिसाद ३
वरील दोन्ही उत्तरे पटली, मात्र पोलादाचाही विचार व्हावा. याच कारखान्यात धातुतज्ज्ञ पावेल अनोसोव यांनी ‘बुलात’ या पौर्वात्य पोलादाचा माग काढला. भारतात पूर्वापार मुशीत होणारे पोलाद हा त्याचा प्रसिद्ध नमुना, आणि 1841 साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या पात्यांवरची लहरीदार रेषा पोलादाच्या अंगातलीच असते, कुंचल्याची नव्हे. माझ्या मते झ्लातोउस्तचे खरे वेगळेपण याच दोन कलांच्या शेजारात आहे. पुढे तलवारींचे महत्त्व ओसरल्यावर हीच नक्षी सुऱ्या, पेट्या आणि भिंतीवरील पोलादी चित्रांवर आली.