उन्हाळ्यात गार कसे राहता आणि रमता कशात? (अनुभव धागा)

पारा चढला की जेवणाच्या सुट्टीत पहिला प्रश्न ठरलेला: रात्री झोप लागली का? अशाच गप्पांमधून लक्षात आलं की आपल्यातल्या प्रत्येकाची गार राहायची तऱ्हा वेगळी, आणि कोण कशात रमतो हेही बहुतेक वेळा त्यावरच ठरतं. म्हणून हा धागा. दिवसभर एसीत बसणाऱ्यांनी लिहा, उन्हात राबणाऱ्यांनी तर नक्कीच लिहा. नावाऐवजी विभाग टाकलात तरी चालेल. उपाय का लागू पडतो, तेही जमलं तर सांगा.

सुरुवात माझ्यापासून. मला पोहण्याशिवाय उन्हाळा काढताच येत नाही. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता सुमारे २५ पट वेगाने वाहून नेतं, त्यामुळे तलावाचं पाणी अगदी थंडगार नसलं तरी काम भागतं. त्यातही मला आवडतो तो बाहेर आल्यानंतरचा वेळ. मी लगेच अंग पुसत नाही. केसांतलं पाणी मानेवरून पाठीवर ओघळत असतं, तेवढ्यात वाऱ्याची झुळूक येते आणि भर उन्हात अंगावर शहारा येतो!

गोदाम विभाग
आमच्या डोक्यावर पत्रा आहे, त्यामुळे इथे लिहायचा पहिला हक्क आमचा. पंख्यावर फार भरवसा ठेवू नका. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा तीच तापलेली हवा अंगावर ढकलतो. अशा वेळी पंखा वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आम्ही सुट्टीत बादलीत पाणी घेऊन दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून बसतो. हातातलं रक्त गार होऊन अंगभर फिरतं, म्हणून नुसतं तोंड धुण्यापेक्षा हे कितीतरी सरस. अग्निशमन दलाचे जवानही हाच उपाय करतात. बादलीतून हात बाहेर आले की सावलीत बुद्धिबळाचा डाव पडतो, आणि बघणारे खेळणाऱ्यांपेक्षा जास्त बोलतात.

एक कळकळीची विनंती: नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण काम देऊ नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. उष्माघात नव्या माणसालाच आधी गाठतो.

छपाई विभाग
मी सिनेमावाला. दुपारचा खेळ, मागची रांग, गार हवा. आणि या सुखाचं मूळ आमच्याच धंद्यात आहे, हे सगळ्यांना कळावं अशी माझी फार इच्छा आहे. अमेरिकन अभियंते विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये वातानुकूलन यंत्रणा आखली ती माणसांसाठी नव्हे, तर न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग सरकायचे. ज्याने हा वैताग भोगलाय त्याला त्या छापखानेवाल्यांची तगमग बरोब्बर समजेल. चित्रपटगृहं गार झाली ती त्यानंतर. न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात ही यंत्रणा १९२५ मध्ये आली, आणि लोक उन्हाळ्यातही सिनेमाला गर्दी करू लागले.

स्वागतकक्ष
सकाळी ऊन यायच्या आत खिडक्या-पडदे बंद, रात्री सगळं सताड उघडं. जमलं तर खिडकीला बाहेरूनच आडोसा करा, म्हणजे ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. मग अंधाऱ्या खोलीत एक दिवा आणि जाडजूड रहस्यकथा.

लेखा विभाग
आमचं घर रात्री गच्चीवर असतं. काँक्रीट दिवसभर उष्णता पितं आणि अंधार पडल्यावर सोडत बसतं, म्हणून सूर्य मावळला की आम्ही गच्चीवर पाणी शिंपडतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, ती त्या तापलेल्या जमिनीतूनच जाते. आधी पाणी पडताच चर्र आवाज येतो, मातकट वास सुटतो, आणि थोड्या वेळाने अनवाणी उभं राहता येतं. मग पाठ टेकायची आणि आकाश बघायचं. उत्तर गोलार्धात या दिवसांत अभिजित, श्रवण आणि हंस या ताऱ्यांचा मोठा त्रिकोण सहज सापडतो, दक्षिणेकडे लालसर ज्येष्ठा. ऑगस्टच्या १२-१३ तारखेला आभाळ मोकळं असेल तर ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव चुकवू नका. मुलं मोबाइल विसरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ग्राहक सेवा
लेखावाल्यांचा उपाय कोरड्या हवेत सोळा आणे खरा, पण मी दमट हवेत वाढलेय. तिथे शिंपडलेलं पाणी वाळत नाही, उलट घुसमट वाढते. घामाचंही तेच, तो वाळला तरच अंग गार होतं, नुसता निथळून काय उपयोग? आमच्याकडे झोपायच्या आधी अंघोळ, अंगावर सैल सुती कपडा आणि वारा लागेल अशी जागा, एवढंच चालतं. करमणूक म्हणाल तर भेंड्या. दिवे घालवून गायला बसलं की उकाड्याकडे लक्षच जात नाही.

सुरक्षा विभाग
रात्रपाळी असल्यामुळे माझी झोप नेमकी दुपारी येते. ओला पंचा मानेवर ठेवतो, जाड पडदे लावतो, तरी तासाभरात जाग येते. गच्ची, तारे, सिनेमा सगळं वाचून छान वाटलं. पण भर दुपारी सलग झोप लागण्यासाठी कुणी काही करत असेल, तर ते आधी लिहा.