बाथरूमला साधा एक्झॉस्ट की सेन्सरवाला?

सायली_डोंबिवली
नमस्कार. आमची इमारत १९९४ ची. गणपतीनंतर बाथरूम पूर्ण तोडून नव्याने करतोय. ५ बाय ७ फूट, उंची ९. खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या उभ्या मोकळ्या जागेत उघडते, काचेच्या पट्ट्यांची. वरच्या दोन पट्ट्या काढून तिथेच ६ इंची पंखा बसवलाय. तो आंघोळीच्या वेळी चालू असतो, तरी समोरच्या कोपऱ्यात, गीझरच्या वर, दर पावसाळ्यात काळी बुरशी धरते. पुसली की पंधरा दिवसांत परत. सासूबाईंना दमा आहे आणि त्यांची आंघोळ पहाटे पाचला, म्हणून या खेपेला हे कायमचं मिटवायचंय. कॉन्ट्रॅक्टर आर्द्रतेचा सेन्सर असलेला, मोबाइलवर चालणारा पंखा सुचवतोय. साध्याच्या चौपट किंमत. खर्च करू, पण फरक पडेल का?

ठाण्याचा_वायरमन
ताई, आधी एक करून बघा. पंखा लावा, बाथरूमचं दार बंद करा आणि पेटलेली अगरबत्ती खिडकीच्या खालच्या पट्ट्यांजवळ धरा. धूर आत न येता सरळ वर पंख्याकडे गेला, तर तुमचा पंखा डक्टचीच हवा ओढून डक्टमध्ये टाकतोय. समोरच्या कोपऱ्यातली वाफ जागची हलत नाही. असं असेल तर महागातला पंखाही त्या जागी हेच करणार.

उरलेल्या पट्ट्यांच्या जागी अख्खी बंद काच बसवा आणि दाराखाली पाऊण इंच फट ठेवा. नवीन दार करताना सुताराला हे आधीच सांगा. तो फट ठेवायला कचरतो आणि लादी बसल्यावर दार तासायची वेळ येते. हवा दाराखालून शिरून वर पंख्यातून गेली पाहिजे.

मापाचं म्हणाल तर तुमची खोली ३१५ घनफूट. तासाला आठ वेळा हवा बदलायची तर २५२० घनफूट, म्हणजे साधारण ७० घनमीटर. चांगला ६ इंची पंखा एवढं सहज ओढतो. ८ इंची नको, नुसता आवाज वाढेल.

सेन्सरबद्दल: जुलैत आपल्याकडे बाहेरच्याच हवेत आर्द्रता कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. सेन्सर ६५ वर लावलात तर पंखा रात्रंदिवस फिरत राहील, कारण आत येणारी हवाच ओली. आर्द्रता एकदम चढली तेवढी ओळखणारे पंखे निघालेत, ते बरे. पण मी माझ्या घरी साधा पंखा आणि मागे टायमर लावलाय. बटण बंद केल्यावरही वीस मिनिटं चालतो. वाफ त्या वीस मिनिटांतच जाते, आंघोळ चालू असताना नाही.

लादी लागायच्या आधी पंख्यापर्यंत वायरचा पाइप टाकून घ्या आणि एक जादा वायर ओढून ठेवा. टायमरला कायम चालू फेज लागते. पुढे सेन्सर लावावासा वाटला तरी भिंत फोडायला नको.

रेखा_नाशिक
गीझर गॅसचा आहे का? असेल तर तो आधी बाथरूमबाहेर काढा. आमच्या गल्लीतली एक मुलगी त्यात गेली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि दार बंद असताना पंख्याच्या ओढीने जळलेला वायू उलटा खोलीत फिरू शकतो. कृपा करून याच्याकडे दुर्लक्ष करू नका.

सायली_डोंबिवली
रेखाताई, वाचून वाईट वाटलं. आमचा गीझर विजेचाच आहे, पण आईकडे गॅसचा आहे. आजच भावाला फोन करते.

दादा, काल रात्री अगरबत्ती धरली. धूर एक बोटभरही आत आला नाही, पट्टीला चिकटून वर गेला आणि पंख्यात. दाराखाली धरली तर सरळ उभा राहिला. इतकी वर्षं मी बुरशी पुसत होते. बंद काच, फट आणि टायमर नक्की. फक्त एक सांगा, डक्टमध्ये कबुतरं फार आहेत, पंख्याच्या बाहेरच्या तोंडाला जाळी लावू की झडप?

ठाण्याचा_वायरमन
झडप. जाळीत पिसं आणि कचरा अडकून सहा महिन्यांत ओढ मरते. पंखा बंद झाला की झडप आपोआप पडते आणि डक्टमधला वासही आत येत नाही. फक्त दिवाळीच्या साफसफाईत ती काढून धुवा.