आर्मस्ट्राँगची सही, थुंब्याची पत्रं आणि माझी कात्री

चिपळूणची माई

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावून विचारते, कारण यात गुन्हा माझाच आहे.

जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरातलं खालचं सगळं गेलं. माळ्यावरची बाबांची पत्र्याची ट्रंक तेवढी राहिली. ती उघडायचा धीर इतके दिवस होत नव्हता, गेल्या महिन्यात उघडली. आत दोन चिजा निघाल्या.

पहिली, चांद्रवीरांचा फोटो. आर्मस्ट्राँग, कॉलिन्स, ऑल्ड्रिन, तिघं पांढऱ्या पोशाखात आणि खाली तिघांच्या सह्या. बाबा शाळामास्तर. १९६९ मध्ये त्यांनी नासाला पत्र टाकलं होतं, त्याचं हे उत्तर. फ्रेम करून ओटीवर लावला होता. पोस्टमन, वाणी, भटजी, जो येईल त्याला बाबा तो आधी दाखवायचे आणि मग पाणी विचारायचे.

दुसरी चीज म्हणजे धाकट्या काकांनी आजीला लिहिलेली ४३ अंतर्देशीय पत्रं. काका फिटर होते, १९६५ ते ७१ केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट केंद्रावर. पहिल्याच पत्रात त्यांनी लिहिलं की आमचं काम चर्चमध्ये चालतं. आजीने दोन दिवस अन्न घेतलं नाही, पोरगा बाटला म्हणून! बाबांनी कशीबशी समजूत घातली, तर तिचं पुढचं गाऱ्हाणं तयार: एवढा शिकून तिकडे बाण उडवतो होय? (आमच्याकडे दिवाळीतल्या रॉकेटला बाणच म्हणतात.) पत्रांत रॉकेटपेक्षा जेवणच जास्त आहे. खोबरेल तेलातली भाजी, लाल जाड भात, मेतकूट कधी पाठवतेस. मधेच एखादी ओळ येते, की आज नळकांडं सायकलवरून नेलं, वाटेत चेन पडली.

आता गुन्हा. १९६८ साली मी नऊ वर्षांची. तिकिटं जमवायचं खूळ लागलं होतं. अंतर्देशीयावर तिकीट छापलेलंच असतं, ते सुटून येत नाही. मग मी आईची कात्री घेतली आणि पत्रांचे कोपरे कापले. तिकीट गेलं, टपालाचा शिक्का गेला आणि मागच्या बाजूचा काकांचा मजकूरही गेला. नोव्हेंबर १९६७ च्या पत्रात असं आहे: "परवा आपलं स्वतःचं रॉकेट उडालं, तेव्हा मी" आणि पुढे भोक. आजी जाईपर्यंत मला त्यावरून ऐकवत होती.

एक जुन्या वस्तूंचे व्यापारी येऊन गेले. फोटोचे पंधरा हजार देतो म्हणाले, आणि पत्रं "कापलेली आहेत, रद्दी आहे". पुतण्या म्हणतो सही लाखांची आहे. खरं काय? आणि दमट हवेत हे सगळं ठेवायचं कसं?

भिंगवाला

माई, फोटो विकायची घाई नको आणि लाखांची स्वप्नंही नकोत. आधी एक भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं, आणि सहीची रेघ बघा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर सही फोटोबरोबरच छापलेली आहे, विषय संपला. जाळी नसेल आणि खरी शाई असेल, तरी हुरळून जाऊ नका. त्या काळात नासाकडे पत्रांचे ढीग यायचे आणि कितीतरी सह्या ऑटोपेन नावाचं यंत्र करायचं. पेन धरलेला यांत्रिक हात ठरलेल्या साच्यावरून फिरतो. रेघ सगळीकडे सारख्या जाडीची, किंचित थरथरती, सुरुवातीला आणि शेवटी शाईचा ठिपका. दोन माणसांकडच्या सह्या एकावर एक ठेवल्या आणि तंतोतंत जुळल्या, की समजायचं यंत्र. कोणताही माणूस दोनदा अगदी तशीच सही करत नाही. आर्मस्ट्राँगच्या अशा साच्यांचे नमुने संग्राहकांनी जमवून ठेवलेत, ताडून बघता येतं.

मी स्वतः २००८ मध्ये यात पोळलोय. रक्कम सांगत नाही, बायकोही हे वाचते.

नासाचं पाकीट आहे का? आणि सोबतची चिठ्ठी? फोटो कुठून आणि कधी आला ते पाकीट सांगतं.

तिकीटवेडा

भिंगवाल्यांच्या पाकिटाच्या मुद्द्याला जोड. अपोलो १५ चं प्रकरण आठवा. १९७१ मध्ये त्या अंतराळवीरांनी जवळजवळ चारशे लिफाफे परवानगीशिवाय चंद्रावर नेऊन आणले. त्यातले शंभर एका जर्मन तिकीट व्यापाऱ्याच्या हाती गेले, आणि पुढच्या वर्षी बोभाटा झाल्यावर तिघांनाही ते भोवलं. साधे कागदी लिफाफे, पण कुठून कुठे गेले त्याचा शिक्का आणि हिशेब आहे म्हणून आज त्यांना किंमत. म्हणून विचारतो, माई, ते कापलेले तुकडे कुठे आहेत? नऊ वर्षांच्या पोरीने कापले ते जमवायला ना? मग वही असेलच की!

अनंतपुरीकर

मी तिरुवनंतपुरमला बावीस वर्षं आहे, सासर इथलं. काकांचं ते चर्च, सेंट मेरी मॅग्डलीन, आता अंतराळ संग्रहालय आहे. पाहुणे आले की मी हमखास नेते.

तुमच्या पत्रातलं "आपलं स्वतःचं रॉकेट" म्हणजे रोहिणी आरएच-७५ असणार. २० नोव्हेंबर १९६७ ला उडालं. व्यास फक्त ७५ मिलिमीटर, आजीच्या बाणाहून फार थोर नव्हे! त्याआधी, २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकन होतं, नायकी-अपाची. तुमच्या पत्रावर तारीख २२ असेल तर "परवा" बरोब्बर जुळतं.

त्या व्यापाऱ्यांच्या "रद्दी"वर मात्र मला राग आलाय. साराभाई, चिटणीस, गोवारीकर या बड्या शास्त्रज्ञांबद्दल छापून आलेलं आहे, येत राहील. चेन पडली हे कोण लिहून ठेवणार? सायकलवरून नेलेल्या रॉकेटच्या टोकाच्या शंकूचा तो प्रसिद्ध फोटोही कार्तिए-ब्रेसाँ नावाच्या फ्रेंच माणसाने १९६६ मध्ये काढला म्हणून उरला. (लोक त्याच्या शेजारी बैलगाडीवरचा उपग्रह चिकटवतात. तो ॲपल, १९८१ चा. पंधरा वर्षांचं अंतर आहे हो!)

ठेवण्याबद्दल: लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेप नको, बाजारातल्या वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात एकेक पत्र उघडून, सपाट. घड्या घालत राहिलात तर घडीवरच फाटतील. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकू देऊ नका. ट्रंक माळ्यावर परत चढवू नका, वर पत्रा तापतो. आणि आधी सगळं स्कॅन करा, दोन ठिकाणी ठेवा. चिपळूणकरांना हे मी काय सांगणार.

चिपळूणची माई

उशिरा लिहितेय, माफ करा. मधे बदलापूरला जाऊन आले.

भिंग आणलं. ठिपक्यांची जाळी आहे. म्हणजे तीन सह्या छापील, आणि बाबांनी पाण्याआधी दाखवलेला फोटोही छापील. पुतण्या दिवसभर गप्प होता. पाकीट मिळालं नाही, त्यावरचं तिकीटही बहुधा मीच उडवलं असणार. फोटो परत ओटीवर लावला. व्यापाऱ्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं, तर त्यांनी "बघू" म्हणून ठेवला.

तिकीटवेडा, तुमच्या तोंडात साखर पडो. वही धाकट्या बहिणीकडे निघाली! लग्नात तिने नेली होती म्हणे, मला पत्ताच नाही. ४३ पत्रांपैकी सव्वीस तुकडे आहेत. बहुतेक मी खळ लावून चिकटवलेत, त्यामुळे मागचं वाचता येत नाही. भिजवून सोडवावेत का? काकांची शाई निळी, दौतीतली.

सहा तुकडे मात्र नुसते कोपऱ्यावर चिकटलेले होते, ते उलटून बघता आले. त्यात नोव्हेंबर ६७ चा आहे. भोकाला लावून बघितला, कात्रीची वाकडी रेघ अगदी बसली. बहीण आणि मी दोघींनी एकदम वाचलं: "चर्चमागे हात धूत होतो. आवाज तेवढा ऐकला."

अनंतपुरीकर

अगं बाई!

भिंगवाला

माई, पाण्यात घालू नका. दौतीची निळी शाई ओघळून जाईल, एक अक्षर उरायचं नाही. खळ नुसत्या ओलसर हवेनेही सैल होते, पण ते काम सराईत हातांचं. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. तोवर वही जड वस्तूखाली दाबून ठेवू नका.

चिपळूणची माई

विचारते. आणि तो तुकडा? पत्राला परत जोडून टाकू का?

तिकीटवेडा

जोडू नका. त्याच पाकिटात, शेजारी ठेवा. आणि कुणी कापला, कधी कापला, ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत घाला.